कळलावी

आमच्या घरात एका फुलाला मज्जाव होता. जाई, मोगरा, शेवंती, झेंडू, इतकेच काय, बांधावरची साधी गोकर्णसुद्धा देवघरापर्यंत जात असे. कळलावीने मात्र उंबरठा ओलांडायचा नाही, असा आजीचा दंडक होता.

अंबडला तेव्हा आमचा मळा होता. मळ्याच्या बांधाला निवडुंगाचे कुंपण होते आणि आषाढात दोन-चार चांगले पाऊस झाले की त्या निवडुंगातून कळलावीचे वेल वर सरकू लागत. श्रावणात ते फुलले म्हणजे वाटे, कुंपणाला कोणीतरी ठिकठिकाणी निखारे अडकवून ठेवले आहेत. सात-आठ वर्षांचा असताना मी त्यातली दोन फुले तोडून मोठ्या हौसेने घरी आणली. आजीने ती हातातसुद्धा घेतली नाहीत. "टाक, आधी बाहेर टाक ती! घरात भांडणं लागतात तिच्यानं," असे म्हणून तिने मला अंगणातच थांबवले आणि राखेने दोनदा हात धुवायला लावले.

पुढे यथाकाल माझे लग्न झाले. पत्नी रत्नागिरीकडची. पहिल्याच भाद्रपदात तिने विचारले, "तुमच्याकडे गौरीचे हात कुठे मिळतात हो?" मला काहीच बोध होईना. तिने फुलाचे वर्णन केले तेव्हा लख्ख आठवला तो निवडुंगाचा बांध. तिच्या माहेरी तेरड्याची गौर आणतात आणि हे फूल खोवल्यावाचून तिला गौर सजल्यासारखी वाटत नाही. आमच्या घरी ज्या फुलाने भांडणे लागत, त्याच फुलाने तिच्या घरी देवीला हात फुटत होते! फूल तेच, पाऊस तोच, महिनाही जवळजवळ तोच. मग खरे कोणते? त्या दिवसापासून हे फूल माझ्या मनातून गेलेले नाही. यंदा तर त्याने मला चांगलेच कोंडीत पकडले. पण ते ओघाने येईलच.

ज्यांनी कळलावी पाहिली नसेल त्यांना आधी ती नीट दाखवली पाहिजे. वेल अंगाने बारीक, पण मोठा युक्तिबाज. त्याला वेगळे तणावे नसतात. पानाचे टोकच लांबून त्याचा आकडा होतो आणि त्या आकड्याने तो शेजारच्या झुडपाला धरून वर चढतो. फूल खाली मान घालून उमलते. त्याच्या सहाही पाकळ्या मात्र उलट्या फिरून ज्वाळांसारख्या वर उठतात, आणि त्यांच्या कडा अशा नागमोडी असतात की वारा नसतानाही ज्योत हलते आहे असे वाटावे. उमलताना रंग हिरवट. मग देठाकडे पिवळा, टोकाला तांबडा. आणि मिटायच्या आधी सगळे फूल लालभडक. 'अग्निशिखा' हे तिचे संस्कृत नाव ज्याने ठेवले, त्याने ती डोळे भरून पाहिली असली पाहिजे. पुंकेसर खाली चहूकडे बोटांसारखे पसरलेले असतात. गौरीचे हात म्हणणाऱ्यांना बहुधा तीच बोटे दिसली असतील. दूर तमिळ देशात प्राचीन संगम काव्यातही स्त्रीच्या बोटांना याच फुलाची, कांदळाची, उपमा देत. आज ते तमिळनाडूचे राज्यफूल आहे. आफ्रिकेतही ते मूळचेच आहे. झिम्बाब्वेचे ते राष्ट्रीय फूल. १९४७ साली राजकन्या एलिझाबेथ एकवीस वर्षांची झाली तेव्हा तिथल्या, म्हणजे त्या वेळच्या दक्षिण ऱ्होडेशियातल्या, शाळकरी मुलांनी तिला याच फुलाच्या आकाराची हिऱ्यांची फुलपिन भेट दिली होती. आजी असती तर म्हणाली असती, "तरीच!"

लिनियसने १७५३ साली तिचे शास्त्रीय नाव ठेवले ते 'ग्लोरिओसा सुपर्बा'. दोन्ही शब्द वैभवाचे. जुन्या वनस्पतिशास्त्राने तिला लिलीच्या कुळात बसवले होते. अलीकडे त्या अवाढव्य एकत्र कुटुंबाच्या वाटण्या झाल्या आणि कळलावी तिथून निघून कॉल्चिकमच्या बिऱ्हाडी गेली. वाटण्या काही माणसांच्याच होतात असे नाही!

आपल्या पूर्वजांनी मात्र नावे ठेवताना जमिनीखालीही पाहिले. कळलावीचा कंद नांगरासारखा दोन बाजूंना वाकलेला असतो, म्हणून ती 'लांगली'. तो कंद जहाल विषारी आहे. रताळ्यासारखा, कंदमुळासारखा दिसतो म्हणून चुकून खाल्ला आणि माणसे प्राणास मुकली, असेही घडलेले आहे. आयुर्वेदाने तिची गणना रुई, कण्हेर, धोतरा, गुंज यांच्याबरोबर उपविषांत केली आहे. तेव्हा आजीने मला राखेने हात धुवायला लावले, ते अगदीच खुळेपणाचे नव्हते.

आता राहिले तिचे आपले मराठी नाव. कळलावी म्हणजे कळ लावणारी. पण कोणती कळ? एक कळ भांडणाची. दुसरी कळ बाळंतिणीची. अडलेल्या बाईच्या बेंबीवर, तळपायांवर या कंदाचा लेप देण्याची चाल जुनी आहे. त्याने कळा येतात असा समज होता. हा उपाय आज कोणी करून पाहू नये, कारण विष कातडीची भीडभाड धरीलच असे नाही. मला इथे औषध सांगायचे नाही. शब्द पाहायचा आहे. एका कळेने घर मोडते, दुसऱ्या कळेने घरात पाळणा हलतो, आणि आपल्या भाषेने दोघींना एकाच वेलीवर चढवले. मला वाटते, हा नुसता शब्दांचा योगायोग नाही. यात एक प्रश्न दडलेला आहे. कळ लावणारा माणूस वेदना निर्माण करतो, की आत अडून राहिलेले काही बाहेर काढतो?

हा प्रश्न मी पुस्तकात वाचलेला नाही. तो मी भाऊबीजेच्या पाटाशेजारी बसून पाहिला.

सत्तरच्या दशकात अंबडच्या जमिनी औद्योगिक वसाहतीसाठी गेल्या. आमचा मळाही गेला. आजोबा आधीच वारले होते. मागे तीन मुलगे, माझे वडील धरून, आणि एक मुलगी, ती माझी आत्या. मोबदल्याची रक्कम यायची होती. त्या दिवाळीत आत्या निफाडकडच्या सासरहून नेहमीसारखी भाऊबीजेला आली. तिने तिघा भावांना ओवाळले. तबकात नोटा पडल्या, लुगडे पडले. इतकी घसघशीत ओवाळणी तिला पूर्वी कधीच मिळाली नव्हती. जेवणे झाल्यावर थोरल्या काकांनी एक कागद तिच्यापुढे सारला. "इथं सही कर, आक्का. रीत असते."

आत्या चौथीपर्यंत शिकलेली होती. तिने बोट फिरवत कागद वाचला. "हक्कसोड म्हंजे?"

"म्हंजे तुझा हक्क नाही, असं लिहून द्यायचं."

"न्हाईच हक्क, तर सोडायचा कशाला?"

काका हसले. आत्या हसली नाही. तिने ओवाळणीचे तबक उचलून कागदाशेजारी ठेवले आणि म्हणाली, "दादा, ओवाळणी तुमच्या मनाची. एक रुपाया टाकला तरी डोक्याला लावीन. पण वाटा बापाचा हाय. त्यो तुम्ही मला देनारे कोन, आन् ठेवनारे तरी कोन?"

घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता झाली. आणि माजघराच्या दारातून शब्द आला, "कळलावी!" तो आजीचा होता. तिच्या जन्मदात्या आईचा.

आत्याचे कायद्याने काय चुकले होते? काहीच नाही. १९५६ सालच्या हिंदू वारसा कायद्याने मृत वडिलांच्या वाट्यात मुलीलाही वारस केले होते. मुलाच्या बरोबरीने जन्मापासूनची हिस्सेदारी मिळायला महाराष्ट्रात १९९४ साल उजाडले, आणि तीही तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरती. साऱ्या देशात ती २००५ साली आली. पण त्या दिवशी आमच्या ओसरीवर कायद्याचा प्रश्नच नव्हता. गुन्हा हा होता की सुखासमाधानाने जेवून उठलेल्या घरात तिने कळ लावली. तिच्या सहीवाचून पैसे अडले. पुढच्या भाऊबीजेला तिला आणायला कोणी गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या वर्षी ती आपण होऊन आली, ओसरीवरच बसली आणि म्हणाली, "आणा तो कागद. वाटा नको, माह्यार ऱ्हाऊ द्या." तिने सही केली. मग घरात पुन्हा पुरणपोळी झाली. त्या पैशांतून माझे शिक्षण झाले. आज मी चार शहाणपणाच्या ओळी लिहू शकतो, त्यांतही आत्याच्या वाट्याची शाई आहे.

कळ कोणी लावली? लहानपणी मी बेधडक सांगितले असते, आत्याने. ती बोलेपर्यंत घर शांत होते ना! पण पोटात गळू असते आणि वैद्य बोट दाबून विचारतो, "इथे दुखते का?" तेव्हा आपण ओरडतो. त्या बोटाने गळू झाले असे म्हणणारा वेडाच. आमच्या घराची शांतता ही न दाबलेल्या गळवाची शांतता होती. घरोघरी अशा शांततेला आपण 'गोडीगुलाबी' म्हणतो, आणि ती राखण्याचे काम बहुतेक वेळा ज्याचे गेलेले असते त्याच्याच माथी मारतो.

आणखी एक गंमत पाहा. आपल्या पुराणांत कळ लावण्याचे कसब मुनिश्रेष्ठ नारदांकडे आहे. ते एकाचे दुसऱ्याला सांगतात, देवादिकांत भांडणे लागतात आणि शेवटी त्यातून काही मंगल निघते. म्हणून 'कळीचा नारद' म्हणताना आपल्या ओठांवर हसू असते. पुरुषाने कळ लावली तर त्याच्या हाती वीणा. बाईने लावली तर तिला विषारी वेलीचे नाव.

पण मी आजीवरही अन्याय करणार नाही. कळलावीच्या कंदात विष आहे हे खोटे नव्हे, आणि माणसांतही निव्वळ विष पेरणारी माणसे असतात हेही खोटे नव्हे. या घरचे त्या घरी सांगून, दोन भावांत आग लावून, आपण दुरून शेकत बसणारे लोक मी पाहिले आहेत. सत्य बोलल्याचा आव तेही आणतात. आत्याचीही जीभ काही मधाची नव्हती; त्या तीन वर्षांत ती नातेवाइकांत भावांविषयी असे काही बोलली की ते ऐकून मलाही वाईट वाटले होते. मग ओळखायचे कसे?

याचे उत्तर मला पुन्हा त्या वेलीपाशीच सापडले. आयुर्वेदाने लांगलीला विष म्हटले, पण फेकून दिले नाही. आधी तिचे शोधन करायला सांगितले. कंद गोमूत्रात भिजत ठेवून त्याचा घातकपणा उतरवायचा, मग वैद्याने तो मोजून वापरायचा. शोधनाने विषाचे गूळखोबरे होत नाही. त्याचा ताठा तेवढा जातो आणि गुण उरतो. आधुनिक विज्ञानही वेगळ्या वाटेने इथेच आले. कळलावीतले मुख्य विष म्हणजे कॉल्चिसीन. पेल्तिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनज्ञांनी ते १८२० साली कळलावीच्या नव्या बिऱ्हाडातल्या कॉल्चिकमपासून वेगळे केले. शरीरातल्या पेशींचे विभाजन ते थांबवते, म्हणून घातक. पण तेच अगदी अल्प मात्रेत गाउट नावाच्या सांधेदुखीवर दिले जाते, आणि ज्या अंगठ्यावर चादरीचा स्पर्श सहन होत नाही त्याची ठणक उतरते. तमिळनाडूत शेतकरी कळलावीची रीतसर लागवड करतात ती याच औषधासाठी. तिचे बी परदेशी जाते. म्हणजे जिचे नावच कळ लावणारी, ती जगभर कळ घालवण्याच्या कामी येते!

तेव्हा कडू बोलणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. पहिला : ही कळ लावण्यात तुझे स्वतःचे काही पणाला लागले आहे का? आग लावणारा नेहमी कुंपणाबाहेर उभा असतो. आत्या कुंपणाच्या आत उभी राहून बोलली आणि तिचे माहेर गेले. दुसरा : ज्याला हे झोंबायचे आहे त्याच्या तोंडावर तू बोललास का? आत्या भावांसमोर बोलली ते औषध होते. नंतर पाठीमागे बोलली ते शोधन न झालेले विष होते. एकाच बाईच्या तोंडून दोन्ही निघाले, कारण ती बाई होती, देवी नव्हती. तिच्या दुसऱ्या बोलण्याचा दाखला देऊन पहिले खोडून काढायचे, हा आमचा लबाडपणा.

आणि आजी? तिच्या नावावर आयुष्यात चार हात जमीन नव्हती. जिने आपला वाटा कधी मागितला नाही, तिला दुसरीचे मागणे हाच कलह वाटला. तिला दोष देताना माझी लेखणी अडखळते.

आता यंदाची गोष्ट. मळ्याचा एक अकरा गुंठ्यांचा तुकडा त्या वेळी संपादनातून सुटला होता. तो वडिलांच्या नावावर राहिला. वडील गेले, आई गेली. आता मी आणि माझी धाकटी बहीण. तुकड्याला गिऱ्हाईक आले. मध्यस्थाने सरळ सांगितले, "भाऊबीज जवळ आलीच आहे. ताईंची हक्कसोड घेऊन टाका, म्हणजे लफडं नको." आणि मी, हे सारे पाहिलेला मी, मनात म्हणालो, 'तिला काय कमी आहे? ती नाही म्हणणार नाही. ओवाळणीला काहीतरी चांगले घेऊ.' वाचकहो, हे वाक्य माझ्या मनात अगदी सहज आले. ते थोरल्या काकांच्या आवाजात आले असते तर मी ते ओळखले असते. ते माझ्या आवाजात आले, म्हणून मला ओळखू आले नाही.

श्रावणात मोजणीसाठी तिकडे गेलो. चारही बाजूंना कारखान्यांची पत्र्याची छपरे, मालमोटारींची रांग. निवडुंगाचे बांध केव्हाच गेले. त्यांच्या आधाराने वाढणारे वेलही गेले. एके काळी ज्या शिवारात कळलावी पावलोपावली होती तिथे ती आता शोधावी लागते. पण आमच्या तुकड्याच्या कोपऱ्यात, काटेरी तारेला पानांचे आकडे अडकवून, एकच वेल उभा होता, आणि त्याला पाच फुले होती. समोर पांडवलेण्यांचा डोंगर पावसात भिजत होता. तिथल्या लेण्यांत सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत : गौतमी बलश्री या राजमातेने भिक्षूंना लेणे दिल्याचा, दक्षमित्रा नावाच्या राजकन्येने खोली दिल्याचा. जे आपले असते तेच माणसाला देता येते. त्या बायकांजवळ देण्याजोगे काही होते, आणि ते दगडावर कोरण्याची कोणाला लाज वाटली नव्हती. डोंगराच्या पायथ्याशी उभा राहून मी माझ्या बहिणीला कागद करायला सांगणार होतो की तुझे इथे काही नाही!

ओवाळणी द्यायला आपले हात इतके सैल आणि वाटा द्यायला मूठ इतकी घट्ट का असते? मला सापडलेले कारण फारसे भूषणावह नाही. ओवाळणी देताना आपण मोठे होतो. वाटा देताना बरोबरीचे होतो. प्रेमाने द्यायला माणूस तयार असतो. देणे लागतो म्हणून द्यायला नसतो. पण देणे फेडल्याशिवाय केलेले प्रेम म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने केलेला दानधर्म.

घरी येऊन मी बहिणीला फोन केला. म्हटले, तुकड्याचे जे येतील त्याचे निम्मे तुझे. सही तुला करायची आहे, पण ती विकणारीची. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटले, रडते आहे की काय. मग विचारते कशी, "म्हणजे यंदा ओवाळणी नाही वाटतं?"

"आहे ना," मी म्हटले. "ती वेगळी, हे वेगळे."

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा भाऊबीज तोंडावर आलेली असेल. अंबडच्या तारेवरचा तो वेल एव्हाना वाळला असेल. त्याच्या शेंगा तडकून आतले तांबडे बी दिसू लागले असेल. खाली मातीत कंद झोपी गेला असेल. कळलावीची रीत अशी की वर्षभर पोसणारा जुना कंद सरतो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. वर काही दिसले नाही म्हणून ती गेली असे समजू नये. भाऊबीज झाली की आम्ही दोघे भावंडे तो कंद खणून काढणार आहोत, नाहीतर पायाच्या खोदकामात तो जाईल. बहिणीने तो मागून घेतला आहे. तिच्या परसात, नातवंडांचा हात पोहोचणार नाही अशा कुंपणाशी ती तो लावणार आहे. भाद्रपदात फुले आली की माझी पत्नी ती गौरीसाठी मागून आणील, आणि आमच्या घराचा उंबरठा कळलावी पहिल्यांदाच ओलांडील.

एक हिशेब मात्र अजून राहिला आहे. आत्या आता नाही. तिची मुले आहेत. सही तिची आहे, कागद पक्का आहे, कायदा मला काही विचारणार नाही. दिवाळीच्या फराळाचा डबा घेऊन मी यंदा निफाडकडे जाणार आहे. तिथे गेल्यावर नेमके काय बोलायचे, ते अजून ठरलेले नाही. पण गोडीगुलाबीने फराळ करून परत यायचे नाही, एवढे ठरले आहे.